अठरा माणसांची चटणी

१२ जानेवारी २००४, सोमवार

सरू काल जिन्यावरून घसरली. दोनच पायऱ्या. तरी वीस मिनिटं खाली पडून होती. मी वरच्या खोलीत वाचत होतो. तिनं हाका मारल्या म्हणे. शेजारच्या संयोगिताबाईंना त्या रस्त्यापलीकडं ऐकू गेल्या, मला गेल्या नाहीत. हाक मारणाऱ्याला आवाजाची दिशाही सांभाळावी लागते, एवढंच मी म्हणालो. सरूचा घोटा सुजला आहे.

दुपारी पुण्याहून चिरंजीवांचा फोन. मोठ्या अपेक्षेनं मी त्याचं नाव संघर्ष ठेवलं होतं. त्यानं आजवर कुणाशी वाद घातलेला नाही. सगळ्याला ‘बघू’ म्हणतो. आज मात्र म्हणाला, ‘बाबा, आता तुम्ही दोघांनी तिथं एकटं राहायचं नाही.’ दोघं एकटी कशी राहतील, असं मी विचारलं. त्यानं आईला फोन द्यायला सांगितलं.

१८ जानेवारी, रविवार

पुण्याला जायचं नाही, यावर सरूचं आणि माझं एकमत झालं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, तारीख नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

सूनबाई मनालीनं पत्रकं पाठवली आहेत. हे वृद्धाश्रम नव्हेत. आपली खोली, आपली किल्ली, जेवण एकत्र आणि हाकेच्या अंतरावर माणसं. एका पत्रकावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं बाकावर बसून हसतं आहे. दोघांना एकाच वेळी हसण्यासारखं काय सापडलं, ते पत्रकात दिलेलं नाही.

जागा मी निवडणार आहे. एकतीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं, तुलना कशी करतात ते मला ठाऊक आहे. वहीत निकष लिहिले: शांतता, ग्रंथालय, बोलण्यालायक माणसं, आणि आमची जात विचारण्याची कुणाला गरज न वाटणं. सरूला तिचे निकष विचारले. म्हणाली, ‘जिना नको.’ तो पाचवा म्हणून लिहून घेतला.

२५ जानेवारी, रविवार

पहिली जागा. एका न्यासाची. दारात तुळशीवृंदावन, आत व्यवस्थापक. चहा पुढं केला आणि म्हणाले, ‘कुरणे म्हणजे... मूळ गाव?’

‘मुरगूड.’

‘अरे वा. मुरगूडात कुठं?’

मी म्हणालो, ‘तुम्हाला गल्ली हवी आहे की जात? जात सांगितली की गल्ली सांगायला लागणार नाही. आम्ही बौद्ध.’

‘छे छे, इथं तसलं काही नाही,’ असं ते तीन वेळा म्हणाले. मग खोल्या सध्या भरलेल्या आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याआधी अर्धा तास त्यांनी आम्हाला चार रिकाम्या खोल्या दाखवल्या होत्या.

बाहेर आल्यावर सरू म्हणाली, ‘चहा बरा होता.’ चौथा निकष काय असतो हे तिला कधी समजणार कोण जाणे. छप्पन्न साली आमचे वडील नागपूरला गेले होते, तिचे नव्हते गेले. तिचे दुसऱ्या वर्षी गावातच बौद्ध झाले. फरक राहतोच.

८ फेब्रुवारी, रविवार

दुसरी जागा महामार्गाला लागून. पोहण्याच्या तलावाचा खड्डा तयार आहे. नमुना खोलीत प्लास्टिकची सफरचंदं. दाखवणारी मुलगी मला अंकल म्हणाली. सध्या इथं कोण राहतं, असं विचारलं. ‘एक आजी होत्या, पण त्या...’ वाक्य तिनं पूर्ण केलं नाही. व्याकरणाच्या दृष्टीनं अपूर्ण, आशयाच्या दृष्टीनं पूर्ण.

२२ फेब्रुवारी, रविवार

तिसरी जागा हुपरी रस्त्यावर. नाव सायंमळा. एका बागायतदारानं उसाचं एक रान सोडून तिथं कौलारू बैठ्या खोल्या बांधल्या. ते वारले. आता नातू पृथ्वीराज बघतो. तीस-बत्तीस वर्षांचा, पांढरे बूट.

सतरा माणसं राहतात. स्वयंपाकी एकच, केरबा. बाकी सगळं राहणारेच करतात. रोज सकाळी आठ ते दहा प्रत्येकानं काहीतरी काम करायचं. चिटणीसही दर तीन महिन्यांनी बदलतो. सध्या आकाराम नावाचे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर आहेत. म्हणजे कारभार सुरळीत नसला तरी वेगात चालत असणार.

‘आधी आठ दिवस राहून बघायचं, सर,’ पृथ्वीराज म्हणाला. ‘मग ठरवायचं.’

‘आम्ही तपासूनच घेणार,’ मी म्हणालो.

‘तसं न्हवं. हितली माणसं ठरवतात. बैठक बसते, एकेका माणसासाठी हात वर करतात. खोली एकट्याची असू दे न्हाईतर जोडप्याची, मत माणसागणिक.’ मग हसून म्हणाला, ‘माझ्या आज्याला पयल्यांदा नको म्हणलेले.’

जमीन देणाऱ्याला नाकारलं. हा विनोद असावा, म्हणून मीही हसलो.

सरू तेवढ्या वेळात अंगणात एका बाईजवळ जाऊन बसली होती. धोंडुबाई. नवरा गेल्यावर आठ म्हशींचा गोठा तिनं एकटीनं सांभाळला आणि मग मुलांच्या हवाली करून इथं आली. आवाज असा, की म्हशी अजून ऐकत असतील. बसमध्ये सरूला विचारलं, एवढं काय बोलत होता? ‘काही नाही.’ काही नाही यावर बायका पाऊण तास बोलू शकतात.

एप्रिलात पाहुण्यांची खोली मोकळी होईल. नोंदवून आलो.

२० मार्च, शनिवार

कॉलनीत प्रत्येक गच्चीवर मिरच्या वाळत आहेत. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. वर्षाची चटणी घरात पडल्याशिवाय कोल्हापूरच्या बाईला झोप लागत नाही. आमची गच्ची मोकळी. सरूला आठवण करून दिली. ‘बघू,’ म्हणाली. हा शब्द ती मुलाकडून शिकली. वय झालं.

या महिन्यात ती दोनदा हुपरीला गेली. नात साक्षीला चांदीचे पैंजण बघायचे आहेत. दोन्ही वेळा संध्याकाळी परतली, दोन्ही वेळा पैंजणांशिवाय. पसंत पडले नाहीत म्हणे. ज्या गावात घरटी पैंजण घडतात, तिथं दोन दिवसांत एक जोड पसंत पडत नाही. बायकांना निर्णय घेता येत नाही. जागा मीच निवडायची ठरवलं ते बरं झालं.

४ एप्रिल, रविवार, सायंमळा

आलो. खोलीत दोन खाटा, एक खिडकी, एक ओटा. जिना नाही.

सूचनाफलकावर अकरा चुका होत्या. तांबड्या पेन्सिलीनं दुरुस्त केल्या. संध्याकाळी तिथं चार-पाच जण जमून वाचत होते. इतक्या वर्षांत कुणी लक्ष घातलं नसावं.

कामाचं विचारायला आकाराम आले. मी ग्रंथालय मागितलं. ते म्हणजे एक कपाट आणि अठ्ठेचाळीस पुस्तकं, त्यातली नऊ पंचांगं. आठ दिवस पुरतील.

६ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी साहित्यावर रोज एक तास बोलण्याची तयारी मी दाखवली होती. काल सातजण आले. आज दोघं. त्यातले एक झोपले. दुसरे आकाराम. ते शेवटी म्हणाले, ‘सर, एक इचारू? तुम्ही बोलताना कुणाकडं बघत न्हाईसा. गाडी चालवताना आम्हीबी मागं बघत न्हवतो, पर आरसा असायचा की.’

प्रतीकयोजनेबद्दल बोलत होतो. निदान एकापर्यंत पोचली.

७ एप्रिल, बुधवार

अंगणात मिरच्यांचा ढीग. इथंही वर्षाची चटणी. सगळे देठ काढायला बसलेत, पुरुषसुद्धा. आकाराम कपाटापाशी आले. ‘पुस्तकं कुठं पळत्यात व्हय, सर? या की जरा. निम्म्या मिरच्या पडल्यात अजून.’

मला तिखटाचा त्रास होतो, असं सांगितलं.

‘जेवताना न्हाई झाला काल,’ असं म्हणून ते गेले. ड्रायव्हर लोक फार लक्ष ठेवतात.

खिडकीतून सरू दिसत होती. धोंडुबाईनं काहीतरी सांगितलं आणि सरू मान मागं टाकून, पदरानं डोळे पुसत, हलत होती. बराच वेळ. मिरचीचा ठसका असा लागतो.

तिची भाषा मात्र चार दिवसांत एक्केचाळीस वर्षं मागं गेली. ‘न्हाई गं, मी सांगते की तुला.’ लग्नानंतर पहिल्या वर्षी तिचं हे सगळं मी काढून टाकलं होतं. नंतर महापालिकेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं ती शुद्ध मराठीत पहिलीचा वर्ग सांभाळू शकली, त्याचं श्रेय कुणाचं, ते बोलून दाखवायची वेळ तिनं कधी आणली नाही. मीच दाखवतो अधूनमधून.

९ एप्रिल, शुक्रवार

आज चौथ्या निकषाची परीक्षा घेतली. खोबरं आणि तीळ भाजायला सरूला बसवलं होतं. म्हणजे वर्षभराच्या चटणीत आमचा हात. मी मुद्दाम अंगणात गेलो आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘आमच्या हाताची चटणी चालेल का तुम्हाला?’

धोंडुबाईनं मान वर केली नाही. ‘तुमच्या हाताची न्हाई चालायची, सर. तुम्ही हातच लावला न्हाईसा. वैनींच्या हाताची पळंल.’

हशा पिकला. मी सामाजिक प्रश्न विचारला होता. उत्तर स्वयंपाकघरातलं मिळालं.

परीक्षा अगदीच वाया गेली नाही. बनाबाई नावाच्या आहेत एक, नेहमी धुतल्या साडीतल्या. त्या उठून म्हणाल्या, आपल्याला डॉक्टरांनी तिखट बंद केलं आहे, यंदा आपला वाटा धरू नका.

‘डागतर कवा आलता गं?’ धोंडुबाईनं विचारलं. ‘आता आलता व्हय? आम्हाला कसा दिसला न्हाई?’

बनाबाई खोलीत गेल्या. दार लागलं. मी सरूकडं बघितलं, म्हणजे, पाहिलंस ना? सरू खोबरं हलवत होती. नंतर एकांतात म्हणाली, ‘तिचं तिला. करपलं असतं तर सगळ्यांचं गेलं असतं.’ या बाईला अपमान समजावून सांगावा लागतो.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं दिसलं, कुणाच्या वाट्याला किती मिरच्या धरल्या ते. वर लिहिलं होतं: माणसं १८. सतरा राहणारे, त्यातून बनाबाई वजा. सोळा. आम्ही दोघं. अठरा. बरोबर. पण केरबा म्हणाला, बनाबाईंचा वाटा धोंडुबाईनं काढू दिलेला नाही, ‘दोन म्हयन्यांत गुमान खाईल ती.’ म्हणजे सतरा आणि दोन, एकोणीस व्हायला हवेत. तसं मी म्हणालो.

केरबा पातेलं घासत राहिला. ‘असू दे, सर. बघू.’

मी अठरा पुसून एकोणीस केलं. साध्या बेरजा येत नाहीत या माणसांना.

११ एप्रिल, रविवार

परत आलो. निर्णय माझ्यापुरता झाला आहे. ग्रंथालय नगण्य, शांतता नाही, बोलण्यालायक माणूस नाही, एका बाईला पथ्य. तरी सरूच्या घोट्याचा विचार करून मी हो म्हणणार आहे. तिला तसं सांगितलं. ‘बैठक व्हायची आहे अजून,’ म्हणाली. त्या औपचारिकतेला काय अर्थ आहे, असं मी म्हणालो.

१४ एप्रिल, बुधवार

जयंती. सरू सकाळी विहारात वंदनेला जाऊन आली. संध्याकाळी माझ्या व्याख्यानाला आली नाही. म्हणाली, ‘ऐकलंय.’ नवीन व्याख्यान होतं. निदान शेवट नवीन होता. विषय स्वावलंबन. सव्वा तास बोललो. घरी आलो तर जेवण झाकून ठेवलेलं होतं आणि सरू संयोगिताबाईंकडं मिरवणूक बघायला गेली होती. जेवण गार. गरम कसं करायचं हे ती सांगून गेली नव्हती.

२४ एप्रिल, शनिवार

सायंमळ्याची दोन पाकिटं आली. दोन कशाला, म्हणून आधी हसलो.

सरूच्या पाकिटात: बैठकीत सर्वांनी हात वर केले, अकरा मेपासून खोली तीन आपली.

माझ्या पाकिटात: ‘सर विद्वान आहेत. परंतु आमच्यात बसले नाहीत. सबब यावेळी जमत नाही, राग नसावा. येथील कोणी नाव सुचविल्यास पुन्हा बैठक घेण्यात येईल. आकाराम, चिटणीस.’ अक्षर गचाळ. सहा चुका. दुरुस्त केल्या.

पृथ्वीराजला फोन लावला. ‘मी काय करणार, सर? मागंच सांगितलेलं की. आज्यालाबी...’ मी फोन ठेवला.

हे उघडउघड जातीचं प्रकरण आहे. मी सरूला तसं समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘मग मला कसं घेतलं?’

याचा विचार करावा लागेल.

२६ एप्रिल, सोमवार

विचार केला. दाखवण्यापुरता एक घेतात. जुनी रीत आहे. चार पानी उत्तर लिहिलं, सरूनं सही करावी म्हणून तिच्या नावानंही दोन ओळी घातल्या: ‘ज्या ठिकाणी माझ्या पतीस स्थान नाही तेथे मलाही नको.’ तिनं पूर्ण वाचलं. शाळेच्या वह्या तपासताना वाचायची तसं, बोट फिरवत.

‘चांगलं लिहिलंय,’ म्हणाली. ‘पण मी जाणार आहे.’

‘कुठं?’

‘अकरा तारखेला. खोली तीन.’

‘आणि मी?’

तिनं कागद घडी करून माझ्या हातात दिला. ‘तुम्हाला तिथं काहीच आवडलं नव्हतं की.’

‘की’ लावून बोलते हल्ली.

संघर्षला फोन केला. या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा बाजू घेतली. आईची. ‘बाबा, ती तुम्हाला सोडून नाही चालली, राहायला चालली आहे.’ यातला फरक मी त्याला विचारला. म्हणाला, ‘तो तुम्हीच शोधा.’

२ मे, रविवार

तिच्याशी बोलत नाही. तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

११ मे, मंगळवार

सरू गेली. सकाळी नवाच्या हुपरी गाडीनं. दोन पिशव्या, एक ट्रंक. तिचं निवृत्तिवेतन तिच्या खात्यात येतं, त्यामुळं मला काही विचारायचं तिला कारणच उरलं नव्हतं. आकाराम ट्रंक न्यायला आले होते. मला म्हणाले, ‘येतो, सर. या बघायला.’ ट्रंक खांद्यावर घेऊन ते जिना असा उतरले की जणू मोकळेच आहेत.

जाताना सरूनं स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. पहिलीच्या वर्गासाठी लिहायची तशी मोठी गोल अक्षरं. हळद. मीठ. साखर.

पंधरा दिवसांत परत येईल.

१३ मे, गुरुवार

देशात सरकार बदललं. घरात तुरीची डाळ सापडत नाही. चिठ्ठी आहे, डबा रिकामा आहे. म्हणजे संपली की आणावी लागते.

१६ मे, रविवार

भात केला. वरचा कच्चा, खालचा करपला, मधला थोडा खाता आला. टीका करायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच केली.

संयोगिताबाईंनी दारातून विचारलं, ‘वहिनी माहेरी गेल्या का?’

‘नाही. निवडून गेल्या.’

त्यांनी आमटीची वाटी आणून दिली. उत्तर त्यांना कळलं नसावं.

२४ मे, सोमवार

पंधरा दिवस होऊन गेले नाहीत अजून. तेरा झाले.

वरच्या खोलीत वाचत बसतो. पूर्वी खाली भांड्यांचा, नळाचा, कुकरचा आवाज असायचा आणि मला व्यत्यय यायचा. आता व्यत्यय नाही. आठ दिवस त्याच पानावर आहे.

३० मे, रविवार

हुपरी गाडीनं सायंमळ्याला गेलो. पाहुण्यांच्या वहीत नाव, गाव, कुणाला भेटायचं, नातं असे रकाने. नातं या रकान्यात मी ‘पती’ लिहिलं. आकाराम वही बघून म्हणाले, ‘झालं. बसा तिकडं, पावण्यांच्या बाकावर.’

बाक सिमेंटचा. ऊन आलं होतं. धोंडुबाई लांबूनच ओरडली, ‘वैनी, तुझं पावणं आल्यात गं!’ सगळ्या अंगणानं मान वळवली.

सरू हात पुसत आली. बरी दिसत होती. म्हणजे आजारी असायचं काही कारण नव्हतं. तब्येत विचारली, घोटा विचारला. तिनं भाताचं विचारलं. संयोगिताबाईंनी कळवलेलं दिसतं. ‘पाणी किती घालता?’ मी प्रमाण सांगितलं. तिनं दुरुस्त केलं.

जेवणात चटणी होती. दोनदा घेतली. पानात वाढताना केरबा म्हणाला, ‘घ्या, सर. अठरा माणसांची हाय, पावण्यांना निघती.’

तेव्हा पहिल्यांदा तो आकडा आठवला. नऊ एप्रिल. सतरा आणि एक. बैठक त्यानंतर दोन आठवड्यांनी झाली. म्हणजे देठ काढताना ठरलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, केरबालासुद्धा. मी खडूनं बेरीज दुरुस्त केली तेव्हा तो पातेलं घासत होता. सरूला ठाऊक होतं का, ते विचारायचं राहिलं. शेजारच्या पानावर बनाबाई होत्या. चटणी खात होत्या.

निघताना मी सहज म्हणालो, ‘नाव सुचवायचं असतं ना कुणीतरी? पत्रात तसं होतं.’

‘हो,’ सरू म्हणाली.

‘तुलाही सुचवता येतं?’

‘येतं.’

गाडी आली.

१३ जून, रविवार

तिसरी खेप. तिनं अजून नाव दिलेलं नाही. विषय मी काढत नाही. विनंती केल्यासारखं होतं.

आज बाकावर ऊन नव्हतं, तरी अंगणात जाऊन बसलो. पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. कुणी या म्हणालं नाही, कुणी नको म्हणालं नाही. दोन तास शेंगा फोडल्या. दाणा आख्खा निघायला हवा, टरफल एका बाजूला दाबायचं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं. पहिले शे-सव्वाशे दाणे फुटले, ते आकारामांनी काही न बोलता खाऊन टाकले.

बोटं दुखताहेत. लिहिणं आवरतं घेतो.

२० जून, रविवार

गेलो. फोडलेल्या शेंगांची पेरणी झाली. माझ्यामुळं किती रोपं कमी येतील याचा धोंडुबाईनं मोठ्यानं अंदाज सांगितला. सरूला ठसका लागला. आसपास मिरची नव्हती.

मी विचारलं, ‘एवढं काय?’ तिनं सांगितलं. मलाही थोडं हसू आलं, पण धोंडुबाईसमोर ते दाखवण्याचं कारण नव्हतं.

२७ जून, रविवार

सरू आज बाकावर शेजारी येऊन बसली. ‘तुमचं नाव दिलं. शुक्रवारी बैठक झाली.’

मी वाट बघितली. तिला सावकाश बोलायची सवय आहे, हे मला अलीकडं कळलं. पूर्वी तिचं वाक्य मीच पुरं करत असे.

‘हात वर झाले. बनाबाईचा सोडून.’

‘तिला पथ्य असेल.’

‘तिला तुमची तांबडी पेन्सिल नको आहे. फलक तिनं लिहिला होता.’

म्हणजे ते अकरा दोष बनाबाईंचे. आणि मी... असो. चौथ्या निकषाखाली मी त्यांच्याबद्दल जे लिहिलं ते खोटं नव्हतं. पण पूर्णही नव्हतं.

‘तर मग पहिल्या तारखेला सामान आणतो,’ मी म्हणालो. ‘तुझ्या खोलीत पुस्तकांचं कपाट खिडकीकडं बसेल.’

‘खोली सात रिकामी आहे,’ सरू म्हणाली.

‘तीनमध्ये दोन खाटा आहेत की.’

‘एक काढायला लावली. तिथं शिवणाचं यंत्र ठेवलंय.’

मी तिला समजावून सांगायला सुरुवात केली. यंत्र सातमध्ये ठेवता येईल. जोडप्यांनी वेगवेगळ्या खोल्यांत राहण्याला लोक काय म्हणतील. संघर्ष काय म्हणेल. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘सकाळी आठला अंगणात भेटू की रोज. जेवायला भेटू. संध्याकाळी फिरायला जाऊ, यायचं असलं तर. दार माझं मी लावीन.’

तिला माझ्या वाचनाच्या दिव्याचा त्रास होत असणार. इतकी वर्षं बोलली नाही.

अंगणातून धोंडुबाईनं तिला हाक मारली. ती उठली. चार पावलं गेली असेल. मी मागून सांगितलं, सात नंबर चालेल.

तिनं विचारलं नव्हतं.